हर्था एर्टन

हर्था एर्टन (जन्म : पोर्टसी, इंग्लंड, २८ एप्रिल १८५४, मृत्यू : नॉर्थ लॅन्सिंग, इंग्लंड, २६ ऑगस्ट १९२३) या ब्रिटिश विद्युत अभियंत्या, गणितज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ आणि संशोधक होत्या. त्यांचे माहेरचे नाव फीबी सारा मार्क्स. विजेच्या कार्बन-आर्क दिव्याचा प्रकाश लुकलुकतो का आणि दिवा फुसफुसतो का, या प्रश्नाचे प्रयोगसिद्ध उत्तर त्यांनी प्रथम दिले. इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री-सदस्य. रॉयल सोसायटीत स्वतःचा शोधनिबंध स्वतः वाचणाऱ्या आणि त्या संस्थेचे ह्यूज पदक मिळविणाऱ्याही त्या पहिल्या स्त्री होत. मात्र त्याच रॉयल सोसायटीने केवळ विवाहित स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांना सदस्यत्व नाकारले.

बालपण

साराचे वडील लेव्ही मार्क्स हे पोलंडमधून इंग्लंडमध्ये आलेले ज्यू घड्याळजी होते. आई अ‍ॅलिस थेरेसा मॉस ही पोर्टसी येथील काचसामानाच्या व्यापाऱ्याची मुलगी. १८६१ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा घरात सात मुले होती आणि आठवे मूल जन्माला यायचे होते. आईने शिवणकाम करून संसार चालविला. धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम सारावर आले.

सारा नऊ वर्षांची असताना तिच्या मावशीने तिला शिक्षणासाठी लंडनला बोलावून घेतले. मावशी मॅरियन हार्टोग तेथे शाळा चालवीत असत. घरातील कर्ती मुलगी दूर पाठविणे आईला परवडणारे नव्हते. तरीही, जगात मुलीला मुलापेक्षा अधिक अडचणी सोसाव्या लागतात, म्हणून तिला शिक्षणाची गरजही अधिक असते, असा विचार करून आईने होकार दिला. लंडनमध्ये मावसभावंडांच्या सहवासात साराला गणित व विज्ञान यांची गोडी लागली. सोळाव्या वर्षापासून ती श्रीमंत घरांतील मुलांना शिकविण्याचे काम करू लागली आणि मिळकतीतील भाग आईला पाठवू लागली.

याच काळात ओटिली ब्लिंड या मैत्रिणीने तिला हर्था हे नाव दिले. कवी स्विनबर्न यांच्या एका प्रसिद्ध कवितेचे ते शीर्षक असून जर्मानिक पुराणकथांतील भूमातेचे ते नाव आहे. साराने ते आनंदाने स्वीकारले आणि पुढे जगाने तिला याच नावाने ओळखले.

शिक्षण

केंब्रिजजवळील गर्टन महाविद्यालयाच्या एक संस्थापिका बार्बरा बोदिशॉन यांच्याशी हर्थाचा परिचय झाला. बोदिशॉन यांनी तिला मुलीप्रमाणे आधार दिला. कादंबरीकार जॉर्ज एलियट यांनीही तिच्या प्रवेशासाठी पाठिंबा दिला. १८७०च्या दशकाच्या उत्तरार्धात हर्था गर्टनमध्ये दाखल झाली. तेथे तिने गणिताचा अभ्यास केला, नाडीचे ठोके नोंदविणारे एक उपकरण तयार केले, गायनवृंदाचे नेतृत्व केले, महाविद्यालयाचे अग्निशमन पथक उभारले आणि शार्लट स्कॉट या विद्यार्थिनीसह गणित मंडळ स्थापन केले.

१८८० मध्ये ती गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत उत्तीर्ण झाली. केंब्रिज विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसे. परीक्षा दिल्याचे प्रमाणपत्र तेवढे मिळे. त्यामुळे तिने लंडन विद्यापीठाची बहिःस्थ परीक्षा दिली आणि १८८१ मध्ये बी.एस्सी. पदवी मिळविली. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या देण्यास १९४८ मध्ये प्रारंभ केला.

यानंतर हर्था यांनी लंडनमध्ये गणिताच्या शिकवण्या घेतल्या. १८८४ मध्ये त्यांनी रेषा-विभाजकाचे एकस्व मिळविले. दिलेल्या रेषेचे हव्या तितक्या समान भागांत विभाजन करणारे हे साधन वास्तुविशारद, अभियंते व चित्रकार यांच्या उपयोगाचे होते. हे त्यांचे पहिले एकस्व. आयुष्यभरात त्यांनी एकूण २६ एकस्वे घेतली. त्यांपैकी ५ गणिती विभाजकांची, १३ आर्क दिवे व त्यांच्या कार्बन-कांड्यांची आणि उरलेली हवेला गती देण्याच्या साधनांची होती.

विवाह

१८८४ मध्येच हर्था फिन्सबरी टेक्निकल कॉलेजातील विद्युतशास्त्राच्या सायंवर्गाला जाऊ लागल्या. तेथील प्राध्यापक विल्यम एडवर्ड एर्टन यांच्याशी ६ मे १८८५ रोजी त्यांचा विवाह झाला. विल्यम एर्टन यांनी तरुणपणी भारत सरकारच्या तारायंत्र खात्यात नोकरी केली होती. लांबच्या तारमार्गात बिघाड नेमका कोठे झाला आहे हे शोधण्याची पद्धत त्यांनी भारतात असताना विकसित केली. पुढे ते जपानमध्ये अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले आणि तेथून लंडनला परतले. त्यांची पहिली पत्नी मटिल्डा चॅप्लिन या स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी झगडणाऱ्या पहिल्या पिढीतील होत्या. त्यांची मुलगी एडिथ हिचा सांभाळ हर्था यांनी केला.

१८८६ मध्ये हर्था यांना मुलगी झाली. बोदिशॉन यांच्या सन्मानार्थ तिचे नाव बार्बरा बोदिशॉन एर्टन असे ठेवण्यात आले. पुढे, १९४५ मध्ये, ती मजूर पक्षातर्फे ब्रिटिश संसदेवर निवडून आली. मुलीच्या जन्मानंतरची काही वर्षे हर्था यांच्या संशोधनात खंड पडला. १८९१ मध्ये बोदिशॉन यांचे निधन झाले. त्यांनी ठेवलेल्या मृत्युपत्रातील रकमेतून हर्था यांना घरकामासाठी मदतनीस ठेवता आली आणि प्रयोगशाळेसाठी वेळ मिळाला.

लुकलुकणाऱ्या दिव्याचा प्रश्न

कार्बनच्या दोन कांड्या विजेच्या मंडलात जोडून क्षणभर एकमेकींना टेकवल्या आणि किंचित दूर केल्या, की मधल्या फटीत झगझगीत ज्योत पेटते. या ज्योतीला आर्क किंवा प्रज्योत म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्ही यांनी तिची प्रात्यक्षिके दाखविली. १८७८ मध्ये पॅरिस व लंडनच्या रस्त्यांवर प्रज्योतीचे दिवे लागले. दीपगृहे, युद्धनौकांवरील शोधदीप, रेल्वे स्थानके आणि पुढे चित्रपटाचे प्रक्षेपक यांना हाच प्रखर प्रकाश उपयोगी पडला.

परंतु हा दिवा मोठा लहरी होता. प्रकाश एकदम मंदावे, पुन्हा वाढे, त्याचा रंग बदले. ज्योत गुणगुणे आणि मग सापासारखी फुसफुसू लागे. फुसफुस सुरू होताच प्रकाश घटे आणि वीज मात्र अधिक खर्च होई. रस्त्यावर हा केवळ त्रास होता. समुद्रात शोधदीपाने जहाज शोधणाऱ्या नौदलासाठी तो धोका होता. अनेक नामवंतांनी या दिव्याची मोजमापे घेतली होती, पण एकाचे आकडे दुसऱ्याशी जुळत नव्हते.

विल्यम एर्टन यांनी या विषयावर प्रयोग सुरू केले होते. १८९३ मध्ये ते शिकागो येथील विद्युत परिषदेस गेले, तेव्हा प्रयोगांची धुरा हर्था यांनी उचलली आणि पुढे हे संपूर्ण काम त्यांचेच झाले.

शोधाची रीत

आकडे जुळत का नाहीत, याचे कारण त्यांनी प्रथम शोधले. प्रवाह किंवा कांड्यांमधील अंतर बदलल्यावर कार्बनची टोके झिजून नवा आकार घेतात आणि त्यास वेळ लागतो. आधीचे संशोधक टोके स्थिर होण्यापूर्वीच मापन करीत. म्हणून त्यांच्या आकड्यांत कांडीच्या जुन्या आकाराची छाया राही. हर्था यांनी प्रत्येक बदलानंतर प्रज्योत पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबण्याचा नियम घातला. ज्योतीकडे थेट पाहणे डोळ्यांना घातक असल्यामुळे भिंगाने तिची मोठी प्रतिमा पडद्यावर पाडून त्या लांबी मोजत आणि कांड्यांच्या टोकांची रेखाटने करीत.

इतक्या धीराने घेतलेले आकडे एका सूत्रात बसले. शांत जळणाऱ्या प्रज्योतीसाठी, भरीव कार्बन-कांड्यांबाबत, ते असे :

दाब = ३८.८८ + २.०७४ × लांबी + (११.६६ + १०.५४ × लांबी) ÷ प्रवाह

येथे दाब व्होल्टमध्ये, लांबी मिलिमीटरमध्ये आणि प्रवाह अँपिअरमध्ये आहे. हे एर्टन समीकरण म्हणून प्रसिद्ध आहे. ४ मिलिमीटर लांबीची प्रज्योत घेतली, तर ५ अँपिअर प्रवाहाला सुमारे ५७.९ व्होल्ट दाब लागतो, तर १० अँपिअरला सुमारे ५२.६ व्होल्ट पुरतो. म्हणजे प्रवाह वाढला की लागणारा दाब कमी होतो. साध्या तारेत याच्या नेमके उलट घडते. तेथे प्रवाह दुप्पट करण्यास दाब दुप्पट लागतो.

या उलट्या स्वभावामुळे प्रज्योत थेट विजेच्या पुरवठ्याला जोडता येत नाही. प्रवाह जराही वाढला तर दाबाची गरज घटते, उरलेला दाब प्रवाह आणखी वाढवितो आणि हे चक्र थांबत नाही. प्रवाह जरा घटला तर उलट चक्र सुरू होऊन दिवा विझतो. म्हणून मंडलात प्रज्योतीशी एकसरीत रोध जोडावा लागतो. वरील उदाहरणात १० अँपिअरला पुरवठा १०० व्होल्टचा असेल, तर सुमारे ४.७ ओहमचा रोध लागेल. प्रवाह वाढू लागताच रोधावरील दाब वाढतो आणि प्रज्योतीच्या वाट्याला कमी दाब येतो. प्रवाह आपोआप जागेवर येतो. चंचल दिव्याला लगाम घालण्याची ही युक्ती हर्था यांच्या आधीपासून वापरात होती, परंतु तो लगाम किती घट्ट असावा याचा हिशेब त्यांच्या समीकरणामुळे करता येऊ लागला.

फुसफुशीचे कारण

यानंतर त्या मुख्य कोड्याकडे वळल्या. प्रवाह हळूहळू वाढवीत नेल्यास एका मर्यादेनंतर शांत प्रज्योत अकस्मात फुसफुसू लागते. त्याच क्षणी दाब सुमारे १० व्होल्टने कोसळतो आणि प्रवाह एकदम उसळतो. कांडी जितकी जाड, तितकी ही मर्यादा वर सरकते. या एकाच निरीक्षणातून संशयाचे बोट कांडीच्या टोकाकडे वळले.

प्रज्योतीचा बहुतेक प्रकाश मधल्या ज्योतीतून येत नसून धन कांडीच्या टोकावर पडणाऱ्या खळग्यातून येतो. प्रवाह वाढला की हा तप्त खळगा मोठा होतो. हर्था यांनी रेखाटनांवरून दाखविले की, खळगा कांडीच्या टोकात मावतो तोवर प्रज्योत शांत असते; कारण कार्बनची वाफ व भोवतालची ज्योत त्याला हवेपासून झाकून ठेवतात. खळगा टोकात मावेनासा होऊन बाजूवर पसरला, की हवेतील प्राणवायू थेट तप्त पृष्ठभागाला भिडतो, कार्बन तेथे जळू लागतो आणि दिवा फुसफुसतो.

हे अनुमान म्हणून सोडून न देता त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पारखले. हवा जवळजवळ पोहोचणार नाही अशा बंदिस्त पात्रात प्रज्योत पेटविली, तेव्हा मोठ्या प्रवाहालाही दाब अकस्मात कोसळला नाही. उलट, शांत जळणाऱ्या प्रज्योतीच्या खळग्यावर हवेचा किंवा प्राणवायूचा झोत सोडला, तेव्हा मर्यादेखालच्या प्रवाहालाही ती फुसफुसली. नायट्रोजन व कार्बन डायऑक्साइड सोडले असता ती तशी फुसफुसली नाही. कारण काढून घेतल्यास परिणाम नाहीसा होतो आणि कारण पुरविल्यास तो उत्पन्न होतो, हे दोन्ही दाखविल्यावर वादाला जागा उरली नाही.

उपायही यातूनच निघाला. कांडीची जाडी, टोकाचा आकार आणि प्रवाह यांचे प्रमाण असे ठेवायचे, की खळगा टोकातच मावेल. पुढे ब्रिटिश नौदलासाठी शोधदीपांच्या कार्बन-कांड्यांची मानके ठरविताना हेच तत्त्व उपयोगी पडले. त्या कामाचे आरंभीचे अहवाल विल्यम एर्टन यांच्या नावावर नोंदले गेले असले, तरी पुष्कळसे काम हर्था यांचे होते.

शोधनिबंध व ग्रंथ

१८९५-९६ मध्ये हर्था यांनी 'द इलेक्ट्रिशियन' या नियतकालिकात प्रज्योतीविषयी लेखमाला लिहिली. मार्च १८९९ मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सपुढे त्यांनी प्रज्योतीच्या फुसफुशीवरील निबंध स्वतः वाचला आणि लगेच त्या संस्थेच्या सदस्य म्हणून निवडल्या गेल्या. १९०० मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत त्यांनी आपले संशोधन मांडले. १९०१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांचा निबंध ठेवण्यात आला, पण स्त्री असल्यामुळे त्यांना तो वाचता आला नाही. जॉन पेरी यांनी तो त्यांच्या वतीने वाचला. १९०२ मध्ये 'द इलेक्ट्रिक आर्क' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या विषयाचा प्रमाणग्रंथ ठरला.

विल्यम एर्टन यांचे विद्यार्थी विल्यम डडेल यांनी याच सुमारास प्रज्योतीच्या उलट्या स्वभावाचा वेगळा उपयोग केला. प्रज्योतीला वेटोळे व धारित्र जोडल्यास ती ठरावीक स्वरात गाऊ लागते, हे त्यांनी दाखविले. जो चंचलपणा दिव्यात दोष होता, तोच पुढे बिनतारी संदेशवहनासाठी लहरी निर्माण करण्याच्या कामी आला.

रॉयल सोसायटी

१९०२ मध्ये हर्था एर्टन यांचे नाव रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी सुचविण्यात आले. संस्थेने कायदेपंडितांचा सल्ला घेतला. तत्कालीन इंग्रजी कायद्यानुसार विवाहित स्त्रीला पतीहून वेगळे कायदेशीर व्यक्तित्व नसल्यामुळे तिची निवड करता येत नाही, असा अभिप्राय मिळाला आणि प्रस्ताव बारगळला. संशोधनाच्या गुणवत्तेविषयी शंका कोणी घेतली नव्हती. रॉयल सोसायटीत स्त्री-सदस्यांची पहिली निवड १९४५ मध्ये झाली. त्या दोन स्त्रिया म्हणजे कॅथलीन लॉन्सडेल व मार्जरी स्टीफन्सन.

दरम्यान पतीच्या प्रकृतीसाठी एर्टन कुटुंब समुद्रकिनारी राहू लागले. किनाऱ्यावरील वाळूत लाटांमुळे उमटणाऱ्या वळ्या पाहून हर्था यांना त्यांच्या उत्पत्तीचे कुतूहल वाटले. काचेच्या टाक्यांत पाणी व वाळू घेऊन त्यांनी प्रयोग केले. १६ जून १९०४ रोजी या विषयावरील निबंध त्यांनी रॉयल सोसायटीपुढे स्वतः वाचला. तसे करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १९०६ मध्ये प्रज्योत आणि वाळूच्या वळ्या या दोन्ही संशोधनांसाठी त्यांना ह्यूज पदक देण्यात आले. सदस्यत्व नाकारणाऱ्या संस्थेनेच हे पदक दिले. त्यांच्यानंतर हे पदक मिळालेली दुसरी स्त्री मिशेल डॉहर्टी असून ते वर्ष २००८ होते.

स्त्री-मताधिकार चळवळ

८ नोव्हेंबर १९०८ रोजी विल्यम एर्टन यांचे निधन झाले. या सुमारास हर्था एमेलिन पँखर्स्ट यांच्या स्त्री-मताधिकार संघटनेत सक्रिय होत्या. १८ नोव्हेंबर १९१० रोजी संसदेकडे गेलेल्या शिष्टमंडळात पँखर्स्ट यांच्यासह त्या होत्या. त्या दिवशी पोलिसांनी निदर्शक स्त्रियांना मारहाण केली आणि तो दिवस काळा शुक्रवार म्हणून ओळखला जातो. १९११ च्या जनगणनेवर स्त्रियांनी टाकलेल्या बहिष्कारात त्यांनी भाग घेतला. तुरुंगात उपोषण करून खंगलेल्या कार्यकर्त्यांची शुश्रूषा त्यांच्या लंडनमधील घरी होत असे.

मारी क्युरी यांच्याशी त्यांचा स्नेह १९०३ पासूनचा. रेडियमच्या शोधाचे श्रेय वृत्तपत्रे पिएर क्युरी यांना देऊ लागली, तेव्हा हर्था यांनी जाहीरपणे मारी यांची बाजू मांडली. पुरुषाचा शोध स्त्रीच्या नावावर खपविला जात असल्याचा संशय चटकन घेतला जातो, पण स्त्रीचा शोध पुरुषाच्या नावावर जातो तेव्हा कोणी हरकत घेत नाही, हा त्यांचा स्वतःचाही अनुभव होता. १९१२ मध्ये आजारी व वृत्तपत्रांच्या छळाने त्रासलेल्या मारी क्युरी काही काळ माहेरच्या नावाने इंग्लंडच्या किनाऱ्यावर हर्था यांच्यापाशी राहिल्या.

पहिले महायुद्ध

१९१५ मध्ये पश्चिम आघाडीवर विषारी वायूचा वापर सुरू झाला. पाण्यातील भोवऱ्यांचा अभ्यास केलेल्या हर्था यांनी खंदकातील वायू बाहेर ढकलण्यासाठी हाताने फटकारण्याचा पंखा तयार केला. युद्धखात्याने प्रारंभी त्याची उपेक्षा केली. चिकाटीने पाठपुरावा केल्यावर तो स्वीकारला गेला आणि १,००,००० हून अधिक पंखे आघाडीवर पाठविण्यात आले. त्याच्या उपयुक्ततेबद्दल मात्र सैन्यात मतभेद होते.

युद्धानंतर विद्यापीठीय स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या आणि वैज्ञानिक कामगारांच्या राष्ट्रीय संघाच्या स्थापनेस त्यांनी हातभार लावला. २६ ऑगस्ट १९२३ रोजी कीटकदंशातून झालेल्या रक्तदोषाने ससेक्समधील नॉर्थ लॅन्सिंग येथे त्यांचे निधन झाले.

भारतातील प्रज्योत-दिवे

भारतात कार्बन-प्रज्योतीशी सर्वसामान्य माणसाचा संबंध आला तो मुख्यतः चित्रपटगृहात. जळगाव-धुळ्याच्या जुन्या चित्रपटगृहांपासून यात्रेत तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजपर्यंत, ३५ मिलिमीटर फिल्मच्या प्रक्षेपकात अनेक दशके तांब्याचा मुलामा दिलेल्या कार्बनच्या कांड्या जळत. कांड्या झिजत जात, त्यामुळे मधले अंतर वाढे. प्रक्षेपक चालविणारा माणूस काळ्या काचेतून ज्योत पाहून कांड्या पुढे सरकवीत असे. त्याचे लक्ष चुकले की पडद्यावरचे चित्र पिवळसर, मंद किंवा थरथरते दिसे आणि प्रेक्षक ओरडा करीत. अंतर, जाडी व प्रवाह यांचा मेळ राखण्याची त्याची कसरत म्हणजे एर्टन समीकरणाचेच हातकाम होते. पुढे झेनॉन वायूच्या बंद दिव्यांनी कार्बनची जागा घेतली.

आजच्या दिव्यांशी नाते

कार्बन-प्रज्योत कालबाह्य झाली, तरी लुकलुकणारा दिवा घरोघरी आहेच. प्रकाश कमी-जास्त करण्याच्या जुन्या डिमरवर एलईडी दिवा लावला की तो पुष्कळदा फडफडतो. डिमर विजेच्या प्रत्येक अर्धलहरीचा काही भाग कापतो. त्यातील ट्रायॅक हा घटक चालू राहण्यास किमान काही प्रवाह लागतो. ६० किंवा १०० वॉटचा तारेचा दिवा तो सहज पुरवी. काही वॉटचा एलईडी तो पुरवू शकत नाही. ट्रायॅक मध्येच बंद होतो, पुन्हा चालू होतो आणि प्रकाश लुकलुकतो. तारेचा दिवा तापलेला राहत असल्याने असे लहान खंड झाकून टाकी. एलईडीचा प्रकाश प्रवाहाबरोबर तत्काळ बदलतो, म्हणून दोष उघडा पडतो.

दुसरे कारण अधिक परिचयाचे आहे. एलईडीला ठरावीक प्रवाह पुरविणारे मंडल, म्हणजे ड्रायव्हर, आपली शक्ती कायम राखण्याचा प्रयत्न करते. त्याच्याकडे येणारा दाब घटला की ते अधिक प्रवाह ओढते. प्रज्योतीचा उलटा स्वभाव तो हाच. त्यामुळे आत येणाऱ्या विजेच्या गाळणीत आंदोलने सुरू होऊ शकतात आणि त्यांवरचा उपायही जुन्या जातीचाच आहे : आंदोलने शमविणारा रोध आणि ट्रायॅकला किमान प्रवाह देणारी पूरक वाट.

दोष शोधण्याची रीतही हर्था एर्टन यांच्यासारखीच एकेक कारण वेगळे काढण्याची असते. दिवा डिमरशिवाय थेट जोडून पाहतात. तरीही लुकलुकला तर दोष दिव्यात, ड्रायव्हरमध्ये किंवा सैल जोडणीत असतो. थेट जोडल्यावर शांत राहिला तर त्याच डिमरवर एलईडीला समांतर एक तारेचा दिवा लावतात. लुकलुक थांबली, तर डिमरला पुरेसा भार मिळत नव्हता, हे सिद्ध होते. मग डिमरशी जुळणारा दिवा किंवा एलईडीसाठी बनविलेला डिमर घेणे हा उपाय ठरतो. जोडणी बदलण्यापूर्वी मुख्य पुरवठा बंद करणे अर्थातच आवश्यक असते. याउलट, मोबाइलच्या कॅमेऱ्यातच दिसणारे आडवे पट्टे बहुधा वेगळ्या जातीचे असतात. ५० हर्ट्‌झच्या विजेमुळे प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. ड्रायव्हरमधील धारित्र अपुरे असल्यास तो चढउतार तसाच उरतो आणि कॅमेरा तो टिपतो.

स्मृती

हर्था एर्टन यांचे चरित्र एव्हलिन शार्प यांनी लिहिले; ते १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले. नावाची देणगी देणाऱ्या मैत्रिणीने, ओटिली हॅन्कॉक यांनी, १९२५ मध्ये गर्टन महाविद्यालयात त्यांच्या नावाने संशोधन-शिष्यवृत्ती सुरू केली. लंडनमधील ४१ नॉरफोक स्क्वेअर या त्यांच्या निवासस्थानावर स्मृतिफलक आहे. रॉयल सोसायटीच्या सदस्यांच्या यादीत मात्र त्यांचे नाव नाही.